बुडण्यासाठी शिवलेली थैली

सकाळी सात वाजता टीव्हीवर बातमी आली. युद्धात सापडलेल्या एका देशातली आपली वकिलात बंद झाली होती आणि तिचे गुप्त कागद घेऊन नौदलाचे जहाज तिथल्या बंदरातून निघाले होते. दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यात लालीबाईच्या हातातला चहा तसाच राहिला. तिची मुलगी ममता त्याच जहाजावर खलाशी आहे.

मित्रांनो, ही बातमी मी तिच्या घरातल्या खुंटीवरून ऐकली. मी वकिलातीच्या टपालाची थैली, आता म्हातारी झालेली. जाड कॅनव्हासची. शिवताना माझ्या तळाला शिशाच्या पट्ट्या घातल्या आणि अंगाला मुद्दाम भोके ठेवली. लढाईच्या दिवसांत विमाने थांबतात, फोन कोणी चोरून ऐकते. अशा वेळी राजदूत आपली पत्रे माझ्यात घालून लाखेची मोहोर लावत आणि जहाजाच्या कप्तानाकडे सोपवत. जहाज शत्रूच्या हाती पडू लागले, तर मला समुद्रात फेकायचे असा हुकूम होता. भोकांतून पाणी शिरावे, शिशाने मला तळाशी न्यावे. म्हणून मला तिजोरीत नव्हे, कठड्याजवळ ठेवत.

माझ्यावर पहारा फुलसिंग खलाशाचा असे. तो लालीबाईचा नवरा, ममताचा बाप. एकदा अनोळखी बोटी अंगावर आल्या, तेव्हा त्याने मला कठड्याबाहेर धरले. पण मूठ सोडली नाही. बोटी वळल्या. राजदूतांनी नंतर त्याची पाठ थोपटली. मलाही थोपटले, असे मला अजून वाटते.

पुढे माझे कापड विरले. शिसे काढून मला बाद केले. निवृत्त होताना फुलसिंगने मला मागून घेतले.

लालीबाईने कपाळाला हात लावला. "एवढ्या वर्सांची नोकरी, अन् आनलं काय, तं भोकाची थैली!"

मग दुपारभर बसून तिने प्रत्येक भोकावर आरसा टाचला आणि भोवती लाल-पिवळे टाके घातले, तांड्यातल्या बायका घालतात तसे. फुलसिंग हसून बेजार.

"अवं, ते भोकं पानी शिराले ठेवले होते! आता हे कायची बुडते?"

"बरंच झालं मंग! बुडवाले कोनी थैली शिवते काय?"

तेव्हापासून माझ्यात तुरीची डाळ असते.

आज बातमी संपल्यावर लालीबाईने मला खाली काढले आणि मांडीवर घेतले.

"अवो, ममताजवळ बी अशीच थैली हाय काय?"

"असंन."

"अन् पोरीनं फेकली तं?"

"तं कागद दुश्मनाले भेटत नाहीत."

"मी कागदाचं नाही इचारून राह्यली."

फुलसिंगने टीव्हीचा आवाज वाढवला.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्ही जपता, हे चांगलेच आहे. पण त्या वाहणारे हात आधी जपा. माझ्यासारखी थैली पुन्हा शिवता येते.

संध्याकाळच्या बातम्यांप्रमाणे जहाज अजून त्या बंदराबाहेरच्या खाडीतच आहे. ममताचा फोन लागलेला नाही.