कोऱ्या मताचं वजन

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या आमच्या गावात कुणाची गाडी बर्फात रुतली तर दहा माणसं धावून येतील. पण तुमचं मत काय, असं विचारलं की "बघू या" म्हणत कॉफीचा घोट घेतील. व्हर्लिन स्कोगेन यात सगळ्यांचा गुरू! मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे तो खूण करायचा, मागच्या बाजूचा राज्याच्या घटनादुरुस्तीचा प्रश्न मात्र दर वेळी कोरा. "कळत नाही त्यात हात घालू नये," असं धान्य सोसायटीतल्या मित्रांनाही त्याने पटवलं होतं.

यंदा प्रश्न पाण्याचा होता. प्रत्येक घराला पिण्याजोगं पाणी देणं ही राज्याची जबाबदारी, असं घटनेत लिहायचं का? खतांमुळे व्हर्लिनच्या विहिरीचं पाणी बिघडलं होतं. त्याची मुलगी कॅरिन तान्ह्या बाळासह शेतावर राहायला येणार होती, पण त्या पाण्यात बाळाच्या दुधाची पावडर कालवायची सोय नव्हती.

मतदानाआधीच्या रविवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचा भट्टीत भाजलेला बटाटे-खिम्याचा पदार्थ, वाढत होती व्हर्लिनची थोरली बहीण आर्डिस, शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली आणि चांगलीच फटकळ.

"परवा मागचं पान भरणार ना रे?"

"कोरं सोडणार. माझ्यामुळे कुणाचं नुकसान नको."

"तुला चांगलं पाणी हवंय का?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मग 'नाही' म्हणून मत का देतोयस?"

"मी तर काहीच म्हणत नाहीये!"

आर्डिसने पळी खाली ठेवली. "अरे शहाण्या, विधिमंडळाने ठराव केला, आता शेवटचा शब्द आपला. आणि आपल्या राज्यात मतदानाला आलेल्या सगळ्यांपैकी निम्म्याहून जास्त होकार लागतात. नुसत्या उत्तर देणाऱ्यांपैकी नव्हे! कोरं सोडलंस की ते 'नाही'च्या पारड्यात पडतं. जन्मभर नकार देत आलास, आणि म्हणे मी गप्प बसलोय!"

व्हर्लिनने ताट बाजूला सारलं. आपल्याच नातवाच्या तोंडचं पाणी आपण पळवत होतो! आणि वर मित्रांनाही तेच शिकवत होतो!

सोमवारी सकाळी तो सोसायटीत उभा राहिला. आमच्याकडे पुरुष उभं राहून बोलायला लागला की काळजात धस्स होतं.

"कोण गेलं?" त्याचा मित्र क्लीटसने विचारलं.

"माझी अक्कल."

"ती होती कधी?"

हसणं थांबल्यावर व्हर्लिनने आर्डिसचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. "हो म्हणा, नाही म्हणा, ते तुमचं. पण माझं ऐकून कोरं सोडू नका."

"पण त्या मागच्या पानावरची भाषा कुणाला कळते?" क्लीटस कुरकुरला.

"मग वाचू या की सगळे मिळून."

वर्तमानपत्रात छापलेलं ते वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं, अडलं तिथे परत वाचलं. "एवढंच होय?" क्लीटस म्हणाला. "मला वाटलं, काही भयंकर असेल!"

मंगळवारी व्हर्लिनने मतपत्रिका उलटवली आणि 'हो'पुढचं वर्तुळ गच्च काळं केलं.

बुधवारी निकाल आला. थोड्याच मतांनी, पण दुरुस्ती मंजूर! कधी आवाज न चढवणारी आमची माणसं सोसायटीत चक्क ओरडली. कॅरिनचा फोन आला, "बाबा, जिंकलो!" आणि व्हर्लिन सगळ्यांसमोर रडला. पाणी उद्याच शुद्ध होणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण आता ते मागायचा त्याच्या नातवाला हक्क होता, आणि तो हक्क आजोबाने स्वतःच्या हाताने दिला होता.

नागरिकहो, कळत नसेल तर विचारा, चारचौघांत बसून वाचा. मग हो म्हणा, नाहीतर ठणकावून नाही म्हणा. पण तुम्ही गप्प बसलात तरी मोजणी होतेच, आणि तुमचं मौन कुणाच्या बाजूने धरायचं हे तुम्हाला कुणी विचारत नाही!