नारिंगी पूड

तेजस्वीच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो असं घरचे म्हणत. आज तो तिथं मावेना.

कालपर्यंत नारिंगी असलेली तिची पूड मुशीत काळीठिक्कर पडली होती. समुद्री स्पंज अंगातल्या प्रोटीनच्या जोरावर थंड पाण्यात काच घडवतो. तेच प्रोटीन वापरून तिनं सिलिका, म्हणजे काचेचीच पूड, जमवली होती आणि त्या सिलिकेच्या पोटात रुथेनियमचं नाजूक, उष्णतेनं जळून जाणारं नारिंगी संयुग अलगद बसवलं होतं. ना ॲसिड, ना जाळ. अख्खं संशोधन ते एवढंच.

आणि तिचे गाईड संदेश सर! सिलिका म्हटली की भाजायची, ही तीस वर्षांची सवय. ती घरी गेल्यावर पूड पाचशे डिग्रीच्या भट्टीत सारली आणि सकाळी कौतुकानं सांगितलंही. झाकण उघडल्यावर मात्र सूर बदलला. "कोळ्यानं कुजका स्पंज दिला, दुसरं काय."

तो कोळी, तेजस्वीचा बाप भागोजी, दारातच उभा होता. संशोधन तपासणाऱ्या समितीसमोर लेकीचं काम बघायला धुतलेला सदरा घालून आला होता. जाळ्यात स्पंज आला की सगळे खलाशी शिव्या घालून परत फेकतात. भागोजी मात्र सुरमईवरचा बर्फ काढून त्या स्पंजावर घालायचा आणि बोटीच्या म्होरक्याची, तांडेलाची, बोलणी खायचा. त्यानं हात जोडले. "चुकला असंल सायेब. पुन्यांदा आणून देतो."

कुठून देणार? पावसाळ्यामुळं जूनपासून बोटी बंद. तेजस्वीच्या अंगाची लाही लाही झाली, सरांपेक्षा बापावरच जास्त.

समिती शेजारच्या खोलीत चहा घेत होती. सरांनी कोरा कागद पुढं सरकवला. "स्पंज खराब होता असं लिहून दे. मी तुझी मुदत सहा महिने वाढवून घेतो. नाहीतर आजच काम बंद."

"लिव बाय," भागोजी हळूच म्हणाला. "माजा काय जाताय त्यात?"

"तुमचं नाव जातंय बाबा," ती कडाडली. "आणि तुम्हाला त्याचं काहीच नाही."

तिनं लिहिलं: स्पंज ताजा होता. पूड संदेश सरांनी भट्टीत जाळली. खाली सही ठोकली.

सरांनी वाचलं. "मग ते सहा महिने विसर."

"विसरले," तेजस्वी म्हणाली, आणि कागद त्यांच्या हातातून ओढून समितीच्या खोलीकडे निघाली.