वापरलेली माती

दहावीतल्या मुलीला एरवी कोण विचारतं? पण त्या महिन्यात अख्खी गल्ली मला विचारत होती. गल्लीच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणारा कारखाना आहे आणि ते शिसं आमच्या नळात उतरलं होतं. ताईला सातवा महिना. भावजी कामासाठी परगावी, म्हणून ती आमच्याकडे राहत होती. तिच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बाळापर्यंत पोचतं.

माझी मावशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे एक माती तयार करतात. इतकी बारीक, की केसाच्या जाडीत हजार कण मावतील, आणि वर लोखंडाचा मुलामा. पाण्यातलं शिसं आपणहून येऊन तिला चिकटतं. मावशीने ताईचं पाणी गाळायला मला दोन बरण्या माती दिली आणि बजावलं, "वापरून झाली की बंद बरणीत मला परत. विसरायचं नाही."

मी विसरले नाही. परत दिली नाही, एवढंच. शाळेच्या प्रदर्शनात मला दोन बरण्या शेजारी शेजारी मांडायच्या होत्या, एक कोरी, एक वापरलेली. परीक्षक म्हणाले, "दोन्ही सारख्याच दिसतात की." मी म्हटलं, "हीच तर गंमत आहे, सर." टाळ्या पडल्या, पहिला नंबर आला. मी हवेतच घरी आले आणि बरण्या ओट्यावर ठेवल्या.

महिन्याने ताईचं रक्त पुन्हा तपासलं. शिसं दीडपट.

"असं कसं?" बाबा डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "पाणी तर आमची शास्त्रज्ञ स्वतः गाळून देते."

घरी येऊन मी आधी ओट्याकडे गेले. वापरलेल्या मातीची बरणी निम्मी झाली होती.

"आई, यातली माती कुठे गेली?"

"भांड्यांना. काय लख्ख निघतात बघ. घासायची पावडर आणायलाच नको. तुला काय, सगळं फुकट घालवायचं."

"कधीपासून?"

"तुझं प्रदर्शन झाल्यापासून. का गं? मातीच ना ती?"

ताई जेवत होती. तिचा घास ताटाशीच थांबला.

पाण्यातलं सगळं शिसं त्या मातीत आहे, मी सांगितलं. आईने ताईपुढचं ताट उचललं, मग कपाटातली सगळी भांडी काढली, चमचेसुद्धा, आणि पोत्यात भरली. मला ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाळाला किती गेलं असेल?" ताईने विचारलं. शाळेत मी कुठल्याच प्रश्नाला अडले नव्हते.

उरलेली माती मावशी घेऊन गेली. पाणी मी अजूनही गाळते, नव्या मातीने. मावशीच्या शिसं मोजायच्या यंत्रावरचा आकडा ताईला दाखवला, पाण्यात खरंच काही नाही.

"असेल," ती म्हणाली आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. तिच्या उशाशी विकतची बाटली असते.