वहिनी या नात्याने

कंपनीसाठी अर्धं डोकं भाड्यानं आणायचं ठरलं, तेव्हा मी भाजी चिरत होते.

"पसारा वाढलाय," नवरा म्हणाला. "आता वर एक मोठं डोकं हवं. पण पूर्णवेळ कशाला? आठवड्यातून दोन दिवस पुरे. हल्ली सगळे असंच करतात."

"अर्ध्या डोक्याला अर्धशिशी म्हणतात," मी म्हणाले. तो हसला नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

आमचा कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. अठरा वर्षांपूर्वी दोन खोल्यांत सुरू केला तेव्हा तो गिऱ्हाइकं आणायचा आणि बाकीचं सगळं मी करायची. या 'बाकीचं सगळं'ला काही नाव नसतं. कोणाला कामावर ठेवायचं, कोणाची पाळी बदलायची, कोणता ट्रक आधी भरायचा, पुठ्ठ्याचे थर चिकटवायची खळ थंडीत किती घट्ट ठेवायची. माणसं सत्तेचाळीस झाली तरी मला खुर्ची नव्हती, पद नव्हतं, कुठल्या कागदावर सही नव्हती. होतं ते एवढंच की सगळे मला वहिनी म्हणायचे. वयानं मोठे म्हणायचे, लहान म्हणायचे, ट्रकवालेही म्हणायचे. वहिनी बोलली की विषय संपला. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू?

साहेब मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. सोमवारी, गुरुवारी ते एका बिस्किट कंपनीचे प्रमुख असत आणि बुधवारी शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांचे. मी त्यांचं नाव मंगळशुक्र ठेवलं. माणूस वाईट नव्हता; वाईट असता तर सोपं झालं असतं. चकचकीत बूट, मऊ आवाज, आणि बोलायला लागले की सुरुवात ठरलेली. "प्रमुख या नात्याने मला विचारावंसं वाटतं, ही पोती इथे का ठेवलीत?" पोती तिथे होती, कारण पलीकडचं छत गळायचं. पण हे त्यांना दिसायला पाऊस यावा लागला असता, आणि तोही मंगळवारी नाहीतर शुक्रवारी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते यालाच.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना एकेक कागद वाटला. त्यावर एकच प्रश्न होता: कामात अडचण आली तर तुम्ही कोणाला विचारता? सत्तेचाळीसपैकी अडतीस जणांनी लिहिलं, वहिनी. चौघांनी 'वैनी' लिहिलं, तेही त्यात धरलेत. मला वाटलं, आता यांचे डोळे उघडतील.

तो गठ्ठा घेऊन ते माझ्याकडे आले. "हा फार मोठा धोका आहे," म्हणाले. "उद्या तुम्ही आजारी पडलात तर?"

"अठरा वर्षांत एकदाच पडले. तेव्हा दवाखान्यात फोन उशाशी होता."

"तोच तर धोका."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

पुढच्या शुक्रवारी भिंतीवर सूचना लागली. कारखान्यात कोणीही कोणास नात्याने हाक मारू नये. दादा, काका, वहिनी इत्यादी बंद. नाव किंवा पद वापरावे. शेजारी भला मोठा तक्ता. त्यात प्रत्येकाचा चौकोन. सगळ्यात वर नवरा, त्याच्याखाली तुटक रेघांच्या चौकोनात मंगळशुक्र, कारण ते अर्धेच. मग कापणी, छपाई, खळ, माल पाठवणी, खाली गेटवरचा राखणदार. मी वरून खाली पाहिलं, मग खालून वर पाहिलं. दिवसाला नऊ हजार खोकी बनवणाऱ्या कारखान्यात माझ्यापुरतं एक खोकं नव्हतं.

सगळे जमलेले होते. मी नवऱ्याला विचारलं, "अहो, यात मी कुठे आहे?"

तो मोठ्यानं हसला. "अगं, तू घरचीच! तुला चौकोन कशाला? तू तर सगळीकडेच आहेस."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावं. फक्त डिंक्यानं वाजवल्या नाहीत. डिंक्या म्हणजे खळीच्या यंत्रावरचा माणूस. चौदा वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला खळीचा ख माहीत नव्हता. मी त्याच्या हातात लाकडी डाव दिला आणि शेजारी उभं राहून शिकवलं. मला रडू आलं नाही, संताप आला. पिकतं तिथं विकत नाही हे मी ऐकून होते, पण पिकवणारीचा असा पाणउतारा होतो हे ठाऊक नव्हतं. किल्ल्यांचा जुडगा नवऱ्याच्या टेबलावर ठेवला आणि घरी आले. "येईल चार दिवसांत ताळ्यावर," असं तो मागून म्हणाला म्हणे.

बुधवारी सकाळी अकराला फोन वाजला.

"वहिनी," डिंक्या कुजबुजला. शब्दच बंद होता ना. "नवी पावडर धरत नाहीये. सकाळपासूनची सगळी खोकी सुटतायत. औषधवाल्यांचा ट्रक तीनला येणार. साहेबांचा फोन बंद, मालक परगावी गेलेत. काय करू?"

खळीची पावडर मंगळशुक्रांनी बदलली होती. माझा तिच्यावर पहिल्यापासून विश्वास नव्हता, म्हणून जुन्या पावडरीची बारा पोती मी जुन्या गोदामात, मोडक्या कापणी यंत्रामागे ताडपत्रीखाली ठेवून घेतली होती. साहेबांच्या कुठल्याच यादीत ती नव्हती. एक वाक्य सांगितलं असतं तर तीनच्या आत काम झालं असतं, आणि ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं.

"आज बुधवार," मी म्हणाले. "तुमचे साहेब शुक्रवारी येतात. त्यांना विचार."

"वहिनी, चेष्टा करू नका हो."

"ती हाक बंद झालीये ना?" मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग चहा केला, सावकाश प्यायले. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

संध्याकाळी नवरा लालबुंद होऊन आला. ट्रक रिकामा परत गेला होता आणि औषधवाल्यांनी पुढचं सगळं काम दुसऱ्याला दिलं होतं.

"डिंक्यानं तुला विचारलं होतं. तुला काहीच सुचलं नाही?"

"सुचलं ना. जुन्या गोदामात बारा पोती आहेत."

तो मटकन खाली बसला. "मग सांगितलं का नाहीस?"

"कोणत्या नात्यानं सांगू?"

असं काहीतरी तोंडावर बोलायला मी अठरा वर्षं थांबले होते. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

शुक्रवारी मंगळशुक्र आले आणि चौकशीला बसले. चूक कोणाच्या तरी चौकोनात बसवायची होती. नवऱ्याच्या चौकोनात बसवणं शक्य नव्हतं, त्यांचा स्वतःचा तुटक, आणि माझा तर नव्हताच. बोट घसरत घसरत खळीवर येऊन थांबलं. यंत्रचालकाने काम वेळीच थांबवले नाही, आणि मदत मागितली तीही तक्त्यात नसलेल्या व्यक्तीकडे. डिंक्याला त्याच दिवशी घरी पाठवलं.

ते मला नवऱ्याकडूनच कळलं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं, आणि ओतणारी मीच होते. नवऱ्याला म्हणाले, "त्याला परत बोलवा. चूक माझी आहे. साहेबांना तसं लिहून द्या."

"लिहू कसं?" तो दमल्यासारखा म्हणाला. "चूक तुझी म्हणायची, तर कोणत्या नात्यानं म्हणायची?"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच सुचत नव्हतं.

रविवारी डिंक्या दारात आला. हातात तो लाकडी डाव, घासून पुसून स्वच्छ केलेला.

"हा तुमचा राहिला होता."

"आत तरी ये."

तो आला नाही. "बारा पोती होती म्हणे."

"होती."

"मी फोन केला तेव्हा तुमच्या लक्षात आलं नसेल," तो म्हणाला. मला सुटायला वाट करून देत होता, चौदा वर्षांच्या ओळखीनं.

मला खोटं बोलता आलं असतं. "आलं होतं," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. डाव उंबऱ्यावर ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि दोन पायऱ्या उतरून थांबला. आता तो आमचा नोकर नव्हता. भिंतीवरची ती सूचना त्याला लागू नव्हती. तो मला काहीही म्हणू शकत होता.

"येतो, मॅडम," तो म्हणाला.