सात पूर्वजांची नावे

मित्रांनो, मी लोकरीचा एक जुना नमदा आहे. नारीनच्या डोंगरातल्या एका प्राथमिक शाळेत, व्हरांड्यातल्या शेगडीजवळ मला अंथरले आहे. माझ्यावर बसताना बूट काढावेत एवढीच माझी अपेक्षा असते. ती निम्मी मुले पुरी करतात.

माझा जन्म पाच बायकांच्या हातचा. त्यांनी मेंढ्यांची लोकर काठ्यांनी झोडपली, तिच्यावर उकळते पाणी ओतले, चटईत गुंडाळली आणि दिवसभर लाथांनी लोळवली. इतक्या लाथा खाल्ल्यावर पुढे मला कशाचेच काही वाटेनासे झाले. अंगावर तांबडी नक्षी चढली तेव्हा त्यांच्यातली बुरुल्चा आजी म्हणाली, "हा नातवंडांनाही पुरेल." तिच्या घरी मी पुष्कळ वर्षे पाहुण्यांखाली मिरवलो. मग एकदा चहाचे पाणी उकळायच्या समोवारातला निखारा सांडून मला भोक पडले आणि माझी रवानगी शाळेत झाली. मला वाटले, आता पायपुसणे होणार.

पण चौथीच्या शिक्षिका साइराकुल एजे, म्हणजे साइराकुलताई, यांनी मला झटकून शेगडीजवळ अंथरले आणि मुलांना सांगितले, "कोणी चिडवलं, मारलं, नाहीतर नुसतंच रडू आलं, तर इथे येऊन बसायचं. आणि निळ्या फीतवाल्याने त्याच्या शेजारी बसायचं." चौथीतल्या चार मुलांच्या दंडाला निळी फीत बांधली गेली. ती मुले उपदेश करत नसत. आपला नान अर्धा मोडून देत आणि ऐकत बसत. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझा फोटो काढला तेव्हा मी जरा फुगलोच.

त्या चौघांत बेगायम सगळ्यात हुशार. तिच्या शेजारी बसलेले पोर दोन मिनिटांत नाक पुसून आणखी नान मागायचे.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर तिलेक शाळेत आला. आठ वर्षांचा. मेंढपाळ जुमाबेक आणि कुलिपा यांना मूल नव्हते, म्हणून त्यांनी त्याला शहरातल्या अनाथाश्रमातून घरी आणले होते. पहिल्याच दिवशी सामात नावाच्या दांडगोबाने त्याची टोपी चिखलात फेकली. तिलेक माझ्यावर येऊन बसला. बेगायमने त्याला नान दिला आणि आमच्या डोंगरात अनोळखी माणसाला मायेने जे विचारतात तेच विचारले.

"तुझ्या सात पूर्वजांची नावं सांग बरं! कुठेतरी नातं निघेलच. मग तुला हात लावायची कोणाची टाप आहे बघू!"

तिलेक माझी लोकर उपटत राहिला. "मला एकही माहीत नाही."

दारात उभ्या असलेल्या सामातने ते ऐकले. "सात पूर्वज ठाऊक नाहीत तो गुलाम! ए गुलामा!" शाळा सुटेपर्यंत ते नाव सगळ्यांच्या तोंडी झाले.

बेगायमला फार लागले. दुसऱ्या दिवशी ती तिलेकच्या कानात कुजबुजली, "पहिलं नाव जुमाबेककाकांचं. पुढची सहा माझी घे, माझ्या आजोबांपासूनची. सामात माझा चुलतभाऊ आहे. तुझे पूर्वज तेच असले की तो तुझाही भाऊ झाला. भावाला कोण मारतं? फक्त मी दिली असं कुणाला सांगू नकोस."

तीन दिवस तिलेक माझ्यावर बसून नावे घोकत होता. पाठ झाली तेव्हा तो पहिल्यांदा हसला. मीही खुळा, त्याच्याबरोबर आनंदलो.

चौथ्या दिवशी तो सगळ्यांसमोर ताठ उभा राहिला. "जुमाबेक, एसेन, सातीबाल्दी..."

"थांब! एसेन तर माझे आजोबा! घरी चहा पीत बसलेत," सामात ओरडला. "गुलाम तो गुलाम, वर चोर! कोणी दिली तुला ही नावं?"

तिलेकने बेगायमकडे पाहिले. त्याने शब्द दिला होता. तो त्याने पाळला. आणि बेगायम? घराण्याची नावे परक्याला वाटली हे आजोबांना कळले तर काय, या भीतीने तिने खाली मान घातली. दंडावर निळी फीत होती, पण तोंडातून ब्र निघाला नाही. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

तिलेक पुन्हा शाळेत आला नाही. बेगायम सात दिवस तशीच वावरली. आठव्या दिवशी तिने एजेंना सगळे सांगितले आणि दोघी तशाच जुमाबेकच्या घरी गेल्या. दाराला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, "कालच गेले, घाटापलीकडे कुलिपाच्या भावाकडे. शाळेचं नाव काढलं की पोर दाराआड लपायचं."

मग हे सगळे कानावर गेल्यावर एसेन आजोबा स्वतः शाळेत आले. गुडघे दुखत असूनही माझ्यावर बसले आणि नातीला जवळ ओढून म्हणाले, "वेडे, मला विचारायचं होतंस. मीच येऊन सांगितलं असतं, हा माझा नातू म्हणून. नावं दिल्याने झिजतात का?"

बेगायम तेव्हा जे रडली, ते माझ्यात अजून मुरलेले आहे.

मित्रांनो, रडणाऱ्याच्या शेजारी बसणे चांगलेच आहे. तेवढेही पुष्कळ जण करत नाहीत. पण त्याला तू कोणाचा म्हणून विचारू नका, भूक लागली का ते विचारा. आणि चारचौघांत त्याच्या बाजूने बोलायची वेळ आली, तर तिथल्या तिथे उठून बोला. तिलेकला आठ दिवस फार झाले.