पट्टा की धूर

माझी फियाट घाटात दम टाकते, हे पहिल्यांदा कोण बोललं मला माहीत नाही. पण त्या उन्हाळ्यात स्टँडावरचा चहावालासुद्धा ते बोलायला लागला, तेव्हा माझं डोकं फिरलं. दम टाकते म्हणे! सगळी उमर दुसऱ्यांचे ट्रक हाकल्यावर उतारवयात ही एक जुनी गाडी माझ्या नावावर झाली होती. तिचं इंजिन मी स्वतःच्या हाताने उतरवून परत बसवलेलं. सोलापूरहून तुळजापूरला नव्या जोडप्यांना देवीच्या दर्शनाला न्यायचं, यावरच माझं आणि माझ्या बायकोचं, सोजराचं, चालायचं. सपाट रस्त्यावर गाडीची काही तक्रार नव्हती. घाट लागला की मात्र पहिल्या वळणाला गुरगुरायची, दुसऱ्याला वाफ सोडायची, आणि नवरदेवासकट सगळे खाली उतरून ढकलायचे.

स्टँडावर नंबर लावायचं काम जोतीरामकडे होतं. एक दिवस सगळ्यांदेखत तो म्हणाला, "महिपतराव, आता आणखी एकदा ढकलायची पाळी आली, तर तुळजापूरच्या लायनीतनं तुमचा नंबर काढणार. बारकी गाडी हाय, गावातल्या गावात फिरवा की."

"बारकी हाय म्हणून काय फेकून देऊ?"

"मी कुटं फेका म्हणालो? घाटात आणू नका म्हणालो."

सगळे हसले. मी चहा तसाच ठेवून घरी आलो.

माझा शेजारी ईरप्पा गिरणीत फिटर. त्याच्या बहिणीचा मुलगा चनमल्लप्पा इंजिनिअर झालेला, धरणाच्या कामावरची मोठी यंत्रं सांभाळायचा आणि सुटीला मामाकडे आला होता. दोघांनी माझं गाऱ्हाणं ऐकलं आणि आठवड्याच्या आत दोघांनी एकेक यंत्र आणून माझ्या अंगणात टाकलं. सोजराला पापड वाळत घालायला जागा उरली नाही.

ईरप्पाने भंगारवाल्याकडून आणलेला तो सुपरचार्जर. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर पट्टा चढवायचा, त्या पट्ट्यावर हे यंत्र फिरवायचं, आणि त्याने हवा दाबून इंजिनात कोंबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. चनमल्लप्पाचा टर्बोचार्जरही हवाच कोंबणारा, पण त्याला पट्टा नव्हता. सायलेन्सरकडे फुकट जाणाऱ्या धुराच्या झोतावर त्याची पंखी फिरायची.

"मामा, तुमचा पट्टा इंजिनाचाच जोर खातो," चनमल्लप्पा म्हणाला. "त्याच्याकडून घ्यायचं आणि त्यालाच वाढायचं. माझं यंत्र वाया गेलेल्यावर चालतं."

"अय्यो! धुरावर काय चालतं रे? चिलीम!" ईरप्पा उसळला. "गिरणीत जन्म गेला माझा. पट्टा सुटला तर डोळ्याला दिसतो. तुझ्या पंखीचं काय बिघडलं ते कुणाला कळणार? तुला तार करायची का धरणावर?"

"तुमचे कान चांगले आहेत. आवाजावरून कळेल."

"माझ्या कानाचं सोड. महिपतीला वळणावर जोर लागतो. तवा तुझी पंखी काय करती?"

चनमल्लप्पाने यंत्राकडे बोट केलं. पोरगा खोटं बोलणारा नव्हता. "हे यंत्र मोठ्या इंजिनाचं आहे. एवढ्याशा गाडीचा धूर त्याला फिरवायला वेळ घेईल. जोर मिळेल, पण उशिरा."

"म्हणजे तुळजापूरला पोचल्यावर," ईरप्पा म्हणाला.

मी पट्ट्याचं यंत्र निवडलं. वळणावर पाय दाबला की तिथल्या तिथे जोर पाहिजे होता मला. चनमल्लप्पाला राग आला नाही. उलट बाह्या वर करून तो मामाच्या हाताखाली राबला. बॉनेटला भोक पाडताना मी हातातला पाना खाली ठेवला, तेव्हा पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "काका, एक ध्यानात ठेवा. हा हिशेब पाच माणसांचा आहे. जास्त भरलीत तर इंजिन आतून फुटेल."

"फियाटीत पाच?" ईरप्पा खो खो हसला. खरं सांगायचं तर मीही हसलो.

आठ दिवसांनी बाळासोचं भाडं आलं. मूळचा माढ्याकडचा माणूस, शहरात त्याचं बियाण्यांचं दुकान. थोरल्या मुलाचं लग्न झालेलं, जोडपं तुळजापूरला न्यायचं होतं. मी दारात गाडी लावली आणि माणसं बाहेर यायला लागली. नवरा-नवरी. नवरीची पाठराखीण. करवली आणि तिचं लेकरू. नवरदेवाची आत्या सारजाबाई. नवरदेवाचे मामा धोंडीराम, फेट्यासकट. स्वतः बाळासो. वर नारळाचं पोतं आणि पितळी घागर.

"बाळासो, मागनं टेम्पो येतोय की. काही जणं त्यात बसा," मी म्हणालो.

"मामाला टेम्पोत घालू? लग्नात एवढं मानपान केलं ते वाया घालवू?"

"मग आत्याबाई?"

"व्हय, मी बसते टेम्पोत!" सारजाबाई कडाडल्या. "आन उद्या गावभर सांगते, भाच्याच्या गाडीत मला जागा न्हवती म्हणून."

बाळासोने बॉनेटमधून डोकावणारं यंत्र पाहिलं आणि त्यावर थाप मारली. "ह्यो राक्षस कशापायी बसवलाय मग? बसा गं सगळ्या!"

माझं रक्त तापलं. माझ्या गाडीला जोर आला होता, तो यांच्या मानपानाच्या कामाला आला होता. तरी मी स्टार्टर मारला; भाडं नाकारलं असतं तर नंबर काढायला जोतीरामला आयतं कारण मिळालं असतं.

गाडी निघाली. यंत्र सूं सूं करत होतं. आरशात मला फक्त सारजाबाईंचा खांदा दिसत होता. करवलीचं लेकरू नवरीच्या मांडीवर आणि घागर तिच्या पायांवर होती. नवरीचं नाव मुक्ता. पूर्ण रस्ताभर तिला कुणी 'नीट बसलीस का' म्हणून विचारलं नाही.

घाटाच्या पायथ्याशी आमच्या पुढे गेलेला टेम्पो पंक्चर होऊन उभा होता. बाळासोने माझ्या खांद्यावर हात मारला. "महिपतराव, थांबा. टेम्पोतले हलगीवाले दोघं वर कॅरिअरवर घेऊ. हलगीबिगर देवळात जाणं शोभत न्हाय."

मी गाडी बाजूला घेतली, बंद केली, खाली उतरलो. बॉनेट उघडलं, पाना लावून पट्टा ताणून धरणारा बोल्ट सैल केला आणि पट्टा काढून गळ्यात घातला.

"ह्ये काय?" बाळासो ओरडला.

"ही आता बारकी गाडी झाली. घाटात हितनं म्होरं पाच जणं, मी धरून; तेवढीच बसली तर पट्टा परत चढवीन. कोण बसणार आन कोण उतरणार, तुमचं तुमी ठरवा."

"भाडं आमी ठरवलंय!"

"भाडं ठरवलंय, माझं इंजिन न्हाय ठरवलं! गुरावर एवढं लादलं असतं तर ते खाली बसलं असतं. हिला बसता येत न्हाय म्हणून तुमी लादताय!"

मामांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी पाठराखिणीकडे पाहिलं. पाठराखीण म्हणाली, "मी पोरीला सोडून हलणार न्हाय, तिच्या आईला शब्द दिलाय." कुणी हललं नाही. ऊन चढत होतं. फेट्याखालून मामांच्या गालावर घाम उतरला, पण मामा उतरले नाहीत.

मग मागचं दार उघडलं. मुक्ताने लेकरू करवलीच्या हातात दिलं, पायांवरची घागर उचलून रस्त्यावर ठेवली आणि खाली उतरली.

"अगं, कुटं?" सारजाबाई म्हणाल्या.

"पाय बधिर झाल्यात आत्याबाई. मी चालते."

हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या, आणि ती घाट चढायला लागली. नवरदेव धावला. पाठराखीण धावली. नवी नवरी उन्हात चालतेय आणि आपण गाडीत, हे मामांना तरी कसं चालणार? फेटा सावरत ते निघाले. बाळासो, लेकराला घेतलेली करवली आणि मला शिव्या देत आत्याबाईही निघाल्या. हलगीवाल्यांनी मागे हलगी सुरू केली. मी सगळ्यांच्या मागून, पट्टा गळ्यात घालून, रिकामी फियाट वर नेली. ती गुरगुरली नाही. वाफ सोडली नाही.

माथ्यावर जोतीराम आपल्या गाडीतनं उतारू आणून उभा होता. चालत आलेलं वऱ्हाड आणि मागची माझी रिकामी गाडी पाहून तो खूश झाला. "बघितलंत? माणसं पायी आन गाडी मोकळी! संपला तुमचा नंबर."

"ढकलली का कुणी?" मी विचारलं.

तो बाळासोकडे वळला. बाळासोने रागाने तोंड फिरवलं. मुक्ता दम खात उभी होती. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "न्हाय. कुणी हात लावला न्हाय. गाडी आपली आपण चढली."

नवी नवरी, दर्शनाला निघालेली. तिच्या तोंडावर तिला खोटं कोण म्हणणार? जोतीराम तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला आणि आपल्या गाडीकडे गेला. नंबर राहिला.

संध्याकाळी मी यंत्र उतरवून अंगणात ठेवलं. ईरप्पा आणि चनमल्लप्पा दोघंही हजर होते.

"पट्ट्यात दम नव्हता ना?" चनमल्लप्पा म्हणाला. "सांगत होतो."

"दम व्हता, यानंच काढला!" ईरप्पा तापला. "महिपती, तूच सांग. पट्टा का धूर?"

"दोन्ही उचला इथनं," मी म्हणालो. "नवरदेवाच्या मामाला खाली उतरवणारं यंत्र मिळालं, तर तेवढं घेऊन या."