पापाला पाणी, पुण्याला दूध

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या मैदानात दर गुरुवारी अर्धं नागपूर लोटायचं, आणि कशासाठी, तर एका निवडुंगासाठी. शेंदूर फासलेल्या लोखंडी ड्रमात तो उभा असे. माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा उंच, खांबासारख्या कंगोरेदार फांद्यांचा, अंगभर काटे. बुडाशी लाल कापड गुंडाळलेलं. एका बाजूला भक्तांची रांग, दुसऱ्या बाजूला गादीवर क्षीरानंद महाराज. महाराजांचं पोट पाहिलं की नावातलं क्षीर कुठे जातं हे विचारायची गरज पडत नसे.

"माउली आहे ही, माउली! हिला सगळं कळतं," महाराज गर्जत. "टोचा, बिनधास्त टोचा. पापाला पाणी, पुण्याला दूध!"

भक्त आपल्या बाजूच्या फांदीला सुई टोचायचा. पाणचट थेंब यायचा. भक्त खजील. मग महाराज डोळे मिटून काहीतरी पुटपुटत आणि तीच सुई आपल्या बाजूला टोचत. पांढरंशुभ्र दूध ओघळायचं. मैदान दणाणून जायचं. ते दूध महाराज लोकांच्या डोळ्यांत घालत. मोतीबिंदू असो, फूल असो, झापड असो, इलाज एकच. वर ताकीद, "पाणी लावाल तर दूध नासेल आणि माउली कोपेल."

ही त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रांगेत कोष्ट्यांची माणसं जास्त होती, त्याला कारण होतं. मागावर बसणाऱ्याच्या डोळ्यात सुताचा भुगा जायचाच. गेला की आळीतल्या एखाद्या बाळंतिणीकडून वाटीत थोडं दूध आणायचं आणि डोळ्यात सोडायचं, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. आईच्या दुधानं डोळा निवतो हे ज्यांनी अंगावर अनुभवलं, त्यांना 'माउलीचं दूध' म्हटल्यावर शंका कशी यावी? महाराजांनी बरोबर दुखरी जागा हेरली होती.

कवडूजी असेच फसले. नागपुरी काठाची लुगडी विणण्यात त्यांची हयात गेली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसे काठ चुकायला लागले. मुलगी सिंधू शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ऑपरेशनचं पक्कं केलं आणि मावसबहिणीच्या लग्नाला उमरेडला गेली. परत येऊन पाहते, तर बाप उजव्या डोळ्यावर धोतराचं टोक दाबून बसलेला.

"काय झालं, बाबा? दाखवा."

"काही नाही वं. पाप निघून राहिलं. म्हणून जळते."

डोळा लालभडक, पापणी सुजलेली, बुबुळावर पांढुरकी साय. तिनं तांब्याभर पाणी आणलं, तर त्यांनी तांब्या ढकलून दिला. पाणी लावायचं नव्हतं ना! डॉक्टरकडे यायलाही तयार नाहीत. "आज गुरुवार हाय. डाव्यात घालून येतो, मंग म्हणशीन तिकडं येतो. अर्ध्यात सोडलं तर माउली कोपते." म्हाताऱ्याचा हट्ट, काठी घेऊन निघालेसुद्धा. उजवा गेल्यातच जमा होता. निदान डावा वाचवायचा म्हणून सिंधू मागोमाग धावली.

मैदानात तिनं ते झाड पहिल्यांदा जवळून पाहिलं. कॉलेजच्या बागेत अशा कितीतरी कुंड्या होत्या आणि त्यांच्या पाट्या ऊन-पावसानं पुसल्या होत्या. सर म्हणायचे, "पाटी नसली तर नसू दे. काटे कुठून आणि कसे निघालेत ते पाहा." पोरी कंटाळायच्या. तिनं आता तेच केलं. रांगेच्या बाजूच्या फांद्यांवर कापसासारख्या बारीक गाद्या होत्या आणि एकेका गादीतून काट्यांचा झुबका निघाला होता. हा खरा निवडुंग, पोटात नुसतं पाणी. ती वळसा घालून महाराजांच्या बाजूला गेली. इथे गादी नाही, झुबका नाही. काटे जोडीजोडीनं, म्हशीच्या शिंगांसारखे दोन दोन. हा थोर. शेताच्या कुंपणाला लावतात, गुरं तोंड लावत नाहीत, आणि चीक असा की कातडीवर फोड उठावेत. तो चीक तिच्या बापाच्या डोळ्यात गेला होता.

"महाराज, या बाजूला मी टोचून पाहते," ती म्हणाली.

"ही बाजू सिद्ध आहे. स्त्रीनं शिवायची नाही."

"काहून?" रांगेतून पुढे सरकत मैनाबाई बोलली. ती त्यांच्याच आळीतली, एका डोळ्यानं अधू. "माउली म्हणता न जी? मंग बाईनं काहून शिवू नये?"

लोक हसले. तेवढ्यात सिंधूनं मैनाबाईच्या हातातली सुई घेतली आणि महाराजांच्या फांदीत खुपसली. दूध आलं. घळाघळा आलं.

"पाहा," ती ओरडली, "मी काही पुण्यवान नाही. सकाळपासून आंघोळसुद्धा केली नाही. कोणीही टोचलं तरी—"

पण ऐकतो कोण? "बाईच्या अंगात माउली आली गा!" कोणीतरी बोललं, आणि पुढच्या चार बायका तिच्या पायाशी कोसळल्या. एकीनं तर मान वर करून डोळा ताणून धरला. "घाल वं माय, तुह्या हातानं घाल."

सिंधूला रडू फुटलं. तिनं खाली वाकून ते लाल कापड ओरबाडून काढलं. ड्रममध्ये खोडं दोन होती. मध्ये विटांची रांग, वर फांद्या एकमेकींत गुंतवलेल्या. तिनं लोकांना हाताला धरधरून काटे दाखवले, इकडचा झुबका, तिकडची जोडी. इकडे पाणी, तिकडे चीक, कोणीही टोचा. काहींनी टोचून पाहिलं आणि खाली मान घालून घरी गेले. काही म्हणाले, बाईनंच रात्रीतून झाड बदललं. महाराजांचा चेला चंद्रभान तोवर गादी गुंडाळत होता. पुढच्या गुरुवारी ते दूध कामठीला निघायला लागलं. तिथेही रांग होती.

त्या दिवशी कवडूजींचा डावा डोळा वाचला. उजवा गेला. मैदानातून सिंधूनं त्यांना थेट मेडिकलला नेलं. डॉक्टर म्हणाले, चीक लागल्या लागल्या भरपूर पाण्यानं धुतला असता तर कदाचित राहिला असता. डाव्यात साधा मोतीबिंदू आहे, काढला की दिसेल.

"नाही," कवडूजी म्हणाले.

"बाबा, हे डॉक्टर आहेत. हे तसं नाही."

"तू सांगतं ते खरंच असन, सिंधू. पण पाणी आलं आन् दूध आलं, हे मी या डोळ्यानं पाहिलं होतं वं. कोणाचं ऐकून नाही गेलो. आपल्याच डोळ्यानं धोका देल्ला, आता कोणावर भरोसा करू? कोणाचाच हात नको लावू देऊ माह्या डोळ्याले."

तिनं विनवलं, भांडली, जेवण टाकलं. मैनाबाईनं मात्र ऑपरेशन करून घेतलं. ती रोज येऊन सांगायची, "दिसते न जी मले, सुईत धागा ओवतो मी." कवडूजी ऐकायचे आणि मान फिरवायचे. दोन पावसाळ्यांत मोतीबिंदू पिकून डावाही गेला. बरा होणारा डोळा बापानं हट्टानं घालवला, आणि विज्ञान शिकवणारी लेक बघत राहिली. माग घरात पडून आहे.

भोंदू पळाला म्हणजे पीडा टळली, असं समजणारे भोळे आहेत. तो जाताना खऱ्या वैद्याचीही पत घेऊन जातो. म्हणून कळकळीनं सांगणं एवढंच, की चमत्कार दिसला तर दुसऱ्या बाजूला जाऊन पाहा. कोणी जाऊ देत नसेल तर तिथून उठा आणि दवाखाना गाठा. डोळे शाबूत आहेत तोवर.